ठोका की ठेका?

आपल्या हृदयाचे ठोके आपल्याला किती नीट जाणवतात, हे तपासायचं असेल तर पहिलं काम म्हणजे भिंतीवरचं घड्याळ उतरवून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवणं. टिकटिक करणारं घड्याळ खोलीत राहिलं की पुढची सगळी मेहनत पाण्यात. समोरचा माणूस छातीतला ठोका मोजतोय की भिंतीवरचा सेकंद, हे मग कुणालाच सांगता येत नाही. बऱ्याचदा त्याला स्वतःलाही नाही.

चाचणी दिसायला अगदी सोपी. खुर्चीत बसायचं, हात मांडीवर उताणे ठेवायचे, मनगट, मान, छाती कुठेही बोट लावायचं नाही. ‘सुरू’पासून ‘थांबा’पर्यंत आपले ठोके मनात मोजायचे आणि आकडा सांगायचा. तेवढ्या वेळात यंत्र खरे ठोके मोजत असतं. रायनर शान्द्री या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये या चाचणीला जे रूप दिलं, तेच आजवर सगळ्यात जास्त वापरलं गेलंय. २५, ३५ आणि ४५ सेकंदांचे तीन डाव. कुठला डाव किती सेकंदांचा, हे आधी सांगायचं नाही. खरा आकडा आणि सांगितलेला आकडा यांतला फरक घ्यायचा, त्याला खऱ्या आकड्याने भागायचं, आलेलं उत्तर १ मधून वजा करायचं आणि तिन्ही डावांची सरासरी काढायची. १ आला तर पैकीच्या पैकी.

आता गंमत बघा. नाडी मिनिटाला ७२ धरू. तीन डावांत ३०, ४२ आणि ५४ ठोके पडणार. एका काकूंनी मन लावून मोजले आणि २४, ३३, ४५ असे सांगितले. त्यांचे गुण ०.८०, ०.७९, ०.८३, सरासरी ०.८१. शेजारच्या काकांची नाडीही ७२च. त्यांना छातीत काहीसुद्धा जाणवत नाही, पण मनातल्या मनात सेकंद मोजायची सवय उत्तम. त्यांनी २५, ३५, ४५ सांगितले. तिन्ही डावांत ०.८३. काकूंना थोडंफार खरोखर जाणवत होतं, काकांना काहीच नाही, आणि निकालात काका वर. त्यातून काकांची नाडी ६० असती तर त्यांना पूर्ण १ गुण मिळाला असता. पहाटे पुण्याच्या तळजाई टेकडीवर पळणाऱ्यांची नाडी सावकाश असते. त्यांना या परीक्षेत आयताच फायदा मिळतो, कारण बहुतेक माणसं ठोके कमीच मोजतात आणि हृदय जितकं हळू, तितकी कमी मोजण्याची चूक लहान दिसते. शिवाय हल्ली त्यांच्या मनगटावर घड्याळ असतं आणि आपली बसल्याजागची नाडी ५६ आहे हे त्यांना पाठ असतं. माहीत असणं आणि जाणवणं यांत फरक करायची सोय त्या भागाकारात नाही.

ही खोट काही आजची नाही. रिंग आणि ब्रेनर यांनी १९९६ मध्येच दाखवलं होतं, की माणसं जो आकडा सांगतात तो प्रत्यक्ष ठोक्यांपेक्षा ‘माझं हृदय एवढ्या वेगाने चालत असेल’ या समजुतीच्या मागे जातो. मग २०१८ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी एक साधी गोष्ट केली. सूचनेचं वाक्य बदललं. अंदाज करू नका, जाणवलेले तेवढेच मोजा, असं स्पष्ट सांगितल्यावर त्याच माणसांचे आकडे धाडकन खाली आले. यंत्र तेच, हृदय तेच, बदललं फक्त वाक्य. आमच्या मते या सगळ्या विषयाची किल्ली त्या वाक्यात आहे, आणि मराठीत चाचणी घेणाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ त्याच्यावरच घालवावा.

‘तुमच्या हृदयाचे ठोके मोजा’ असं म्हटलं तर पुण्यातला शाळा-कॉलेज शिकलेला माणूस लगेच परीक्षेला बसतो. त्याला उत्तर द्यायचंच असतं. पेपर कोरा सोडणं त्याच्या रक्तात नाही. मग तो गणित करतो, साधारण ७२ असतात म्हणे, अर्धा मिनिट झालं असेल, चला ३५ सांगून टाकू. ‘जाणवले तर मोजा’ हे बरं, पण ‘तर’ शब्द बोलताना गिळला जातो. पूर्ण वाक्य असं असावं: ‘शरीरात कुठेही ठोका स्वतःहून जाणवला, तर तेवढाच मोजा. मधले राहिले असतील म्हणून भर घालू नका. एकही जाणवला नाही तर शून्य सांगा. शून्य हेही बरोबर उत्तर आहे.’ शेवटचा तुकडा प्रत्येक डावाआधी पुन्हा म्हणावा लागतो. नाहीतर एखादे आजोबा दुसऱ्या डावाला अस्वस्थ होतात. शून्य कसं सांगू, चांगला जिवंत बसलोय की तुमच्यासमोर!

‘हृदय’ हा शब्दही जरा पुस्तकी. बोलण्यात आपण छाती म्हणतो, ऊर म्हणतो, काळीज म्हणतो. काळजात धस्स होतं, काळजाचा ठोका चुकतो. आणि तेच काळीज मटणाच्या दुकानात ‘कलेजी’ म्हणून मागितलं की यकृत मिळतं. भीतीने तर पोटातच गोळा येतो. तेव्हा ‘हृदयाकडे लक्ष द्या’ म्हटलं की माणूस छातीच्या डाव्या बाजूला, चित्रातल्या लाल बदामाच्या जागी लक्ष लावून बसतो, आणि मानेत व्यवस्थित उडणारा ठोका त्याच्या हिशेबातच येत नाही. म्हणून ‘शरीरात कुठेही’ हवं. डाव संपल्यावर कुठे जाणवला ते बोटाने दाखवायला सांगावं आणि लिहून ठेवावं.

तबलजींचा प्रश्न वेगळाच. मिनिटाला ७०-७२ मात्रांची लय मनात धरून ठेवणं हा त्यांच्या हातचा मळ. त्यांना शांत बसवलं की आत आपोआप तीनताल सुरू होतो, आणि ठोका सोडून ठेका मोजला जातो. गुण झकास येतात. यावर उपाय एकच, त्याच लांबीच्या डावांत नुसते सेकंद मोजायला लावणं आणि तेही गुण काढणं. दोन्हीकडे सारखेच चांगले गुण आले, तर ठोक्यांच्या गुणांवर फार विसंबू नये. आणखी एक प्रश्न सगळं झाल्यावर विचारावा: बसल्याजागी आपली नाडी मिनिटाला किती असेल असं वाटतं? सांगितलेले ठोके या उत्तराशी तंतोतंत जुळत असतील, तर काय झालं ते कळतंच.

आता यंत्राकडे. कोविडच्या काळात घेतलेला बोटाचा ऑक्सिमीटर पुष्कळ घरांत कपाटात पडून आहे, पण या कामाला तो तसाच्या तसा चालत नाही. एक तर तो काही सेकंदांची सरासरी दाखवतो. श्वास घेताना ठोके जरा जलद पडतात, सोडताना सावकाश. तेव्हा पडद्यावरचा ७२ घेऊन ४५ सेकंदांचा हिशेब केला तर दोन-चार ठोक्यांचा घोळ सहज होतो. दुसरं, काही ऑक्सिमीटर प्रत्येक ठोक्याला बीप करतात. आणि तिसरी गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही: स्प्रिंगचा चिमटा घट्ट असेल तर बोटाच्या टोकाला नाडी उडायला लागते, आणि माणूस छातीकडे बघायचं सोडून बोटातली नाडी मोजतो. रबराची मऊ टोपी असलेला चिमटा वापरावा किंवा सरळ ईसीजी घ्यावा.

घरगुती प्रयोगासाठी ईसीजी फार अवघड नाही. ईसीजीची रेघ पकडणाऱ्या एडी ८२३२ या चिपचं तयार मॉड्यूल, ती रेघ लॅपटॉपकडे पाठवणारा अर्डुइनो नावाचा छोटा सर्किट बोर्ड, तीन तारा आणि एकदा वापरून टाकायचे चिकट इलेक्ट्रोड एवढं पुरतं. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून इंजिनिअरिंगची मुलं असलंच सामान घेऊन जाताना दिसतात. मॉड्यूल ३.३ व्होल्टवर चालतं. घाईत ५ व्होल्टच्या पिनला जोडलं तर ते कायमचं जाऊ शकतं. एक इलेक्ट्रोड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या बाजूला तसाच, तिसरा खाली उजव्या बरगडीपाशी. आधी तिथली त्वचा स्पिरिटने पुसून कोरडी होऊ द्यायची. पुडा फोडून महिनाभर पडलेले इलेक्ट्रोड लावू नयेत, त्यांचं जेल सुकलेलं असतं आणि रेघ सगळ्या पडद्यावर पोहत राहते.

लॅपटॉप बॅटरीवरच हवा, चार्जर भिंतीतून काढलेला. अंगाला तारा चिकटवलेल्या माणसाचा घरच्या विजेशी संबंध नको, हे पहिलं कारण. दुसरं, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. चार्जर, ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर यांची गुणगुण रेघेवर बारीक दातांसारखी चढते. सेकंदाला २५० नमुने घेतले तर दर ४ मिलिसेकंदांना एक मोजणी मिळते, तेवढी पुरे. मात्र नमुने घ्यायचा प्रोग्रॅम ठोके ओळखणारा असेल तर त्याची उंबरठ्याची पातळी, म्हणजे रेघ किती वर गेली की ठोका धरायचा ती, प्रत्येक माणसासाठी तपासून घ्या. ईसीजीत उंच टोकदार शिखर येतं त्याला आर म्हणतात, आणि त्याच्या मागोमाग एक गोलसर उंचवटा, टी. काहींचा टी चांगलाच उंच असतो. प्रोग्रॅमने त्यालाही ठोका धरलं की ४२चे ८४ होतात, आणि ३३ सांगणाऱ्या बिचाऱ्या काकूंचे गुण ०.७९ वरून ०.३९ वर येतात. म्हणून छापील रेघ काढून एकदा डोळ्यांनी मोजावी. यंत्रावर एवढा विश्वास बरा नव्हे.

बसण्याच्या तऱ्हेनेही बराच फरक पडतो. पायावर पाय टाकला की वरचं पाऊल प्रत्येक ठोक्याला किंचित उडतं. ते डोळ्यांना दिसतं आणि मोजणी फुकटात होते. खुर्चीच्या पाठीला घट्ट टेकलं, कोपर टेबलावर रोवलं, कमरेचा पट्टा आवळलेला असला, तरी ठोका बाहेरच्या वस्तूवर आपटून परत जाणवतो. मनगटावरचं कुठलंही घड्याळ काढून ठेवायचं. श्वास रोखायचा नाही. चहा-कॉफी आधी तासभर नको. खरं तर पुण्यातली दुपारची एक ते चार ही वेळ शांततेला नामी, बेल वाजवायची कुणाची हिंमत होत नाही. पण पोटभर जेवणानंतर पोटातली गुरगुर आणि वाढलेली नाडी दोन्ही आड येतात. सकाळी साडेदहा-अकरा बरे. आणि गणपतीच्या आधीचे दोन महिने संध्याकाळी नदीकाठच्या भागात या प्रयोगाच्या वाटेला जाऊच नये. ढोलाचा टोल थेट बरगड्यांत वाजतो. तिथे स्वतःचा ठोका शोधणं म्हणजे लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या आदल्या रविवारी पार्किंग शोधणं.

मोजणीवर विश्वास नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे, आणि ती शान्द्रींच्या चाचणीच्याही आधीची. १९७७ मध्ये व्हाइटहेड आणि सहकाऱ्यांनी माणसाला काही मोजायला लावलंच नाही. प्रत्येक आर शिखरानंतर यंत्र एक खूण देतं, कधी १२८ मिलिसेकंदांनी, कधी ३८४ मिलिसेकंदांनी. खूण ठोक्याबरोबर येतेय की मागाहून, एवढंच सांगायचं. पुढे अशा चाचण्यांत कानावर पडणारा टूं आवाज रूढ झाला. यात अंदाजाला थारा नाही. निव्वळ नाणं उडवून सांगितलं तर निम्मी उत्तरं बरोबर येतील, आणि २० पैकी निदान १५ बरोबर आली तरच हा योगायोग नसावा असं म्हणता येतं. १४ ला तसं म्हणू नये. न शिकवलेल्या बहुतेकांची गाडी नाणेफेकीच्या आसपासच अडते. काका इथे आपटतात.

पण इथेही एक पाचर आहे. आर शिखर म्हणजे विजेची खूण. त्यानंतर हृदय आकसायला, रक्त बाहेर पडायला साधारण सेकंदाचा दहावा भाग जातो, आणि ती लाट मानेत, मग बोटात पोहोचायला आणखी वेळ. ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी ० पासून ५०० पर्यंत दर १०० मिलिसेकंदांची सहा अंतरं देऊन पाहिलं, तेव्हा लोक बहुधा २०० ते ३०० च्या आसपासचा आवाज ‘बरोबर ठोक्यावर’ मानतात असं दिसलं. पण प्रत्येकाची जागा थोडी वेगळी. ज्याला ठोका उशिरा जाणवतो तो ३८४ च्या आवाजाला प्रामाणिकपणे ‘बरोबर’ म्हणेल आणि नापास होईल. सहा अंतरांच्या पद्धतीत तुम्ही कुठलं अंतर निवडता याला महत्त्व नाही, पुन्हा पुन्हा तेच निवडता का, याला आहे. याच विचारावर २०२१ मध्ये मोबाइलची एक पद्धत आली. बोट कॅमेऱ्यावर, फ्लॅश चालू, आणि आवाज ठोक्याशी जुळेपर्यंत पडद्यावरची चकती फिरवायची. वीसेक वेळा फिरवून चकती दर खेपेला एकाच ठिकाणी थांबते का, ते बघायचं. तानपुरा लावल्यासारखंच. आम्हाला हीच पद्धत सगळ्यात पटते, निदान माणसाला आकडा सांगायचा मोह तरी होत नाही.

अर्थात जाणवणं एक आणि आपल्याला जाणवतं असं वाटणं दुसरं. सारा गारफिंकेल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये यांची वेगळी मोजणी करायला सुचवली. प्रत्येक डावानंतर ‘उत्तराबद्दल किती खात्री, ० ते १००’ असं विचारायचं. मग तीन गोष्टी हाती येतात: अचूकता, स्वतःबद्दलचा विश्वास, आणि हा विश्वास योग्य डावावर बसतो का. तिसरी सर्वांत दुर्मीळ. ‘मला बाई सगळं आतलं कळतं’ म्हणणाऱ्यांत आणि खरंच कळणाऱ्यांत फार थोडी मंडळी सामाईक निघतात.

इथे पुण्यात लगेच योगाचा विषय निघतो, आणि निघायलाच हवा. लोणावळ्याच्या कैवल्यधामात १९२४ पासून स्वामी कुवलयानंदांनी आसन-प्राणायामाला यंत्रांसमोर बसवलं, तो वारसा याच जिल्ह्यातला. मग रोज ध्यान करणाऱ्यांना ठोके जास्त कळतात का? खालसा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अनुभवी साधकांची तुलना ध्यान न करणाऱ्यांशी केली. ठोके ओळखण्यात साधक सरस ठरले नाहीत, मात्र आपल्याला चांगलं जमलं असं त्यांना जास्त वाटलं. यात ध्यानाची निंदा नाही. ध्यानात बहुधा श्वासावर लक्ष असतं, ठोक्यावर नसतं. सतार शिकलेल्याला मृदंग आलाच पाहिजे असं कुठे आहे?

त्याहून जुनी गोष्ट हृदय थांबवून दाखवणाऱ्या योग्यांची. वेंगर, बागची आणि आनंद यांनी भारतात हिंडून अशांच्या अंगाला ईसीजी लावला आणि १९६१ मध्ये निष्कर्ष छापले. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळले की हृदयाकडे परतणारं रक्त घटतं. मनगटावरची नाडी बोटाला लागेनाशी होते, स्टेथोस्कोपला आवाज येत नाही. कागदावर मात्र शिखरं चालूच होती. नाडी पाहणाऱ्या वैद्याच्या तीन बोटांनाही तिथे काही सापडलं नसतं.

ठोका आत कुठून कळतो, याचं सुरेख उत्तर २००९ मध्ये एका रुग्णामुळे मिळालं. मेंदूतला इन्सुला नावाचा भाग शरीराच्या आतल्या खबरा गोळा करतो असं मानतात; या माणसाचा तो भाग दोन्ही बाजूंनी निकामी होता. औषध देऊन ठोके वाढवले तर त्याला ते निरोगी माणसांसारखेच जाणवले, फक्त जरा उशिरा. मग छातीवर जिथे ठोका आपटतो तिथली त्वचा बधिर केली, आणि त्याला तो कळेनासा झाला. निरोगी माणसांना मात्र बधिर छातीतही कळत राहिला. म्हणजे वाटा दोन: एक आतून, एक छातीच्या आतल्या धक्क्यातून कातडीमार्गे. सडपातळ लोकांना ठोका जास्त कळतो असं वारंवार दिसतं, त्यात या दुसऱ्या वाटेचा हात असणार.

‘काळजाचा ठोका चुकला’ हेही त्या धक्क्याचंच काम. बहुधा ठोका चुकलेला नसतो. एक वेळेआधीच हलका पडून जातो, मग थोडी जास्त उसंत मिळते, तेवढ्यात हृदय जास्त भरतं आणि पुढचा ठोका दणक्यात बसतो. जाणवतो तो दणका. उलट, अनियमित ठोक्यांचे काही आजार माणसाला मुळीच जाणवत नाहीत, आणि धडधडीची तक्रार करणाऱ्या कित्येकांचा ईसीजी त्या वेळी अगदी नॉर्मल असतो. तेव्हा या चाचणीत चांगले गुण पडले म्हणून हृदय ठणठणीत असं समजू नये. चक्कर, छातीत कळ, दम लागणं असेल तर तडक डॉक्टरांकडे.

यंत्राचा खटाटोप नको असेल तर पर्वतीला जा. १०३ पायऱ्या न थांबता चढल्यावर ठोका जाणवत नाही असा माणूस विरळा. वर कठड्यापाशी बसायचं, पाठ न टेकता, बोटं कुठेही न लावता. सोबत्याने दर मिनिटाला एवढंच विचारायचं: ‘आहे?’ आधी छातीत, कानांत, मानेत सगळीकडे असतो. मग एकेक जागा सुटत जाते, बहुतेकांचा शेवटी मानेत किंवा पोटाच्या वरच्या भागात रेंगाळतो. ‘गेला’ म्हणाले की मग ऑक्सिमीटर लावायचा, आधी नाही, नाहीतर बोटातली नाडी पुन्हा हजर. आकडा स्थिर व्हायला दहा-पंधरा सेकंद द्या, आणि पडदा सोबत्याच्या बाजूला असू द्या. आकडा लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी सोबत्याने वर चढायचं आणि तुम्ही विचारायचं.